गार्डसाहेबांच्या दोन पट्ट्या

मी आणलेली रॅमची पट्टी कॉम्प्युटरच्या खाचेत बसेना, तेव्हा पहिला संशय मी खाचेवर घेतला. पट्टी नवी, पाकीटबंद, खाच जुनी. शिवाय पट्टी आखूड होती आणि ते मला तिच्या आधुनिकपणाचं लक्षण वाटलं होतं. फोन बारीक झाले, टीव्ही चपटे झाले, तशी मेमरीही आखडली असेल, असा माझा अंदाज. म्हणून मी ती आधी अंगठ्यानं दाबली, मग तळहातानं, आणि शेवटी लाटण्याचं टोक लावून वरून हलकेच ठोकली. म्हणजे माझ्या मते हलकेच.

माझी मुलगी पूर्वा खांद्यावरून बघत होती. आमच्या घरात ती मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते.

"पापा," ती म्हणाली, "ये लैपटॉप का है."

एवढंच म्हणाली. आरडाओरडा केला असता तर मी उलट ओरडून मोकळा झालो असतो. पण ती नुसती बाजूला जाऊन बसली, आणि ते मला झोंबलं, कारण त्या आठवड्यात ती माझ्यावरच विसंबून होती.

प्रकरण असं होतं. पूर्वा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिचा नि आणखी तीन मैत्रिणींचा एक संघ होता आणि कॉलेजाकॉलेजांमधल्या ऑनलाइन गेमच्या स्पर्धेत तो खेळत होता. आपापल्या घरून बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, एकमेकींना ओरडून सांगायचं आणि पडद्यावरच्या शत्रूला गोळ्या घालायच्या. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळत होतं की आधीच्या दोन्ही सामन्यांत ऐन मोक्याला पूर्वाचं चित्र गोठलं, आणि पुन्हा हललं तेव्हा ती मरून पडलेली होती. कॅप्टन मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं, रविवारच्या सामन्यात पुन्हा पीसी अटकला, तर पूर्वाच्या जागी राखीव मुलगी, कायमची. आणि तो पीसी मी घेतलेला. 'बजेटमध्ये मस्त बसवला' असं मी ऑफिसभर सांगत फिरलो होतो.

तर माझ्या ठोकण्याचा आवाज खाली गेला असावा. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात आमचे घरमालक उभे राहिले.

"काय मंत्रालय," ते म्हणाले, "दार तोडून राहिले का भिंत?"

मी नव्या रायपूरला छत्तीसगडच्या मंत्रालयात नोकरीला, रोज सकाळी कर्मचाऱ्यांच्या बसनं जाणारा, म्हणून ते मला मंत्रालय म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला आजही खात्री नाही. पण मग त्यांचं नाव तरी पुरानी बस्तीतल्या त्या गल्लीत कोण घेत होतं? सगळे गार्डसाहेब म्हणत. उभी नोकरी त्यांनी मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात काढली होती. पुढे रेल्वेनं त्या पदाचं नाव बदलून काहीतरी मॅनेजर केलं, तेव्हा ते दिवसभर कोणाशी बोलले नव्हते.

त्यांच्या घरात पाण्याची मोटर शिट्टीवर चालायची. एक लांब शिट्टी म्हणजे मोटर सुरू, दोन तोकड्या म्हणजे बंद. मग ज्याची बादली राहिली त्याची राहिली. माझी पत्नी एकदा वरून ओरडली, "काका, थोडं थांबा ना!" खालून उत्तर आलं, "गाडी सुटली!"

लग्नाच्या वरातीत ते सगळ्यांच्या मागून चालत. कोणी हाताला धरून पुढे बँडजवळ ओढलं तर हात सोडवून घेत. "घोड्यावरचा पोचला म्हणजे वरात पोचली असं नसते," म्हणायचे. "शेवटचा माणूस पोचला पायजे." एकदा कसल्याशा कागदासाठी माझ्या ऑफिसात आले, तर सगळे मजले जिन्यानं चढून आले. घामाघूम. मी म्हटलं, "अहो, लिफ्ट होती." म्हणाले, "लिफ्टले मागून कोण पाहून राहिलं?"

असा हा माणूस निवृत्त झाल्यावर एक दिवस कॉम्प्युटर घेऊन आला, तोही खेळायचा, आणि त्यात रेल्वे चालवायचा खेळ टाकून बसला. मी कारण विचारलं. "सगळी नोकरी मागं पळणारे रूळ पाहिले," ते म्हणाले. "आता समोरचे पाहून राहिलो."

त्यांचं ते गाडी चालवणं मी एकदाच पाहिलं. काही निरोप द्यायला खाली गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ करून ते पडद्यासमोर बसलेले. पडद्यावर लांबच लांब मालगाडी, समोर लाल सिग्नल. मी "काका—" म्हणताच त्यांनी मागे न बघता हात वर केला. "सिग्नल झाल्यावर बोलू." आणि मी, मंत्रालयात लोकांना बाहेर बाकावर बसवून ठेवणारा माणूस, सिग्नल हिरवा होईपर्यंत त्यांच्या दारात निमूट उभा राहिलो. आतून काकूंनी विचारलं, "चहा टाकू का जी?" तर म्हणाले, "स्टेशन येऊ दे." काकूंनी गॅस बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला.

तर हे गार्डसाहेब वर आले. माझ्या हातातली आखूड पट्टी त्यांनी उजेडात धरली, लाटण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लॅपटॉपची आहे हे त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. पट्टी माझ्या खिशात घातली आणि खुर्ची ओढून पूर्वाच्या मागे बसले.

"ए पोट्टी, खेळ."

"आबाजी, अभी मूड नहीं है."

"मूडवर गाडी नाही चालत. खेळ. मैत्रिणींसोबत खेळते तसंच. ते बोलायचं यंत्र बी चालू कर, अन् बाकीचं जे उघडं ठेवते ते बी."

पूर्वानं खेळ सुरू केला. गार्डसाहेबांनी दोन्ही हात पंजे उघडून गुडघ्यांवर ठेवले. थोड्या वेळानं एक बोट मिटलं. मग दुसरं. मी डोळे फाडून पडद्याकडे बघत होतो. मला तिथे पळापळ आणि धूर याशिवाय काही दिसत नव्हतं. पण दर वेळी बोट मिटलं की पूर्वा "च्!" करायची. बोट आधी मिटायचं की च् आधी यायचं, हे मला ओळखता येईना. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याचीही संपली, आणि तेव्हा कुठे चित्र मलाही दिसेल इतकं अडकलं.

"पण कोपऱ्यातला आकडा तर चांगला आहे," मी म्हटलं. वेग दाखवणारा एक आकडा तिथे हलत असतो, तेवढं मला शिकवण्यात आलं होतं.

"तो सरासरीचा आहे," गार्डसाहेब म्हणाले. "सरासरी मालगाडीची बी चांगलीच असते. मागच्या डब्यात बसणाऱ्याले सरासरी नाही लागत, मंत्रालय. झटका लागते."

मग त्यांनी पूर्वाला एक खिडकी उघडायला लावली. तिथे मेमरी किती वापरात आहे ते दिसतं. जवळजवळ काठोकाठ भरलेली. कॉम्प्युटर चालू असताना लागणारं सगळं या मेमरीत हाताशी धरून ठेवतो. ती भरली की उरलेलं डिस्कवरून आणावं लागतं, आणि तेवढ्यात चित्र थांबतं. हे मी आता तुम्हाला चार शब्दांत सांगतोय; तेव्हा मात्र मी हुशारी दाखवायला गेलो.

"अच्छा, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा भरला की जसं—"

"ओटा म्हणजे ओटा," ते म्हणाले. "मेमरी म्हणजे मेमरी."

उपमा त्यांना खपत नसत. त्यांच्या मते उपमा देणाऱ्या माणसाला मूळ गोष्ट समजलेली नसते. माझ्या बाबतीत ते खरं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी बसमधून उतरलो तर ते घराबाहेर तयार होऊन उभे. माझ्या स्कूटरवर मागे बसले ते तोंड मागे करून. मी म्हटलं, "काका, सरळ बसा ना, पोलीस धरतील." "पुढचं पाहायले तुमी आहा," ते म्हणाले. असे आम्ही सदर बाजाराच्या ऐन गर्दीतून निघालो. मी पुढे बघून चालवतोय आणि पाठीमागून हुकूम येताहेत, "मागून बुलेट. जाऊ द्या. मागून ऑटो, दबून राहा. आता मोकळं." सोन्याच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहून आमच्याकडे बघत होती. मी मान खाली घातली होती. पण खरं सांगायचं तर सदर बाजारातून इतक्या निर्धास्तपणे मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी गाडी चालवली नाही.

दुकानात तरुण दुकानदारानं काचेवर एक पट्टी ठेवली. तिच्या अंगावर दिवे होते; निळे होत होते, मग जांभळे, मग गुलाबी. मी तिथेच विरघळलो.

"भैया, छत्तीस सौ की स्पीड है," तो म्हणाला. "गेमिंग के लिए एकदम टॉप. एक स्टिक, आठ जीबी."

"अन् पोट्टीच्या बोर्डाले किती चालते?" गार्डसाहेबांनी पूर्वाच्या कॉम्प्युटरमधल्या, पट्ट्या बसतात त्या बोर्डाचा कागद पुढे केला.

दुकानदारानं वाचलं. "बोर्ड तो बत्तीस सौ तक ही लेगा, दादाजी."

"तर मंग वरचे चारशे कोणासाठी? तुह्यासाठी?"

दुकानदार हसला. मी हसलो नाही; मला ते दिवे हवे होते. गार्डसाहेबांनी त्याला दुसऱ्या पट्ट्या काढायला लावल्या: साध्या, काळ्या, बिनदिव्याच्या, आठ-आठच्या दोन, एकाच डब्यातल्या, बत्तीसशेच्या. माझ्या ठरलेल्या रकमेत एक दिव्याची येत होती किंवा या दोन.

"दोन कशाला?" मी कळवळून विचारलं. "सोळाची एकच घेऊ ना."

"पोट्टीच्या डब्यात चित्र काढायचं वेगळं कार्ड नाही. तुमी नाही घेतलं." त्यांनी 'तुमी'वर थोडं थांबून घेतलं. "तर चित्र बी याच मेमरीतून निघते. एका पट्टीतून एकच रस्ता. दोन जोडीनं लावल्या तर दोन रस्ते. आधी पुरली पायजे, मग जोडी पायजे, अन् मग वेग, तो बी बोर्ड घेईन तेवढाच. दिवे काय करते?"

"चांगले दिसतात," मी म्हटलं.

"कोणाले? डबा तर टेबलाखाली आहे."

शनिवारी सकाळी पट्ट्या बसल्या. टक् टक् अशा आवाजानं, लाटण्याशिवाय. कॉम्प्युटर सुरू झाला आणि पडद्यावर वेग चक्क कमी दिसला. मी लगेच दुकानदाराच्या नावानं ओरडलो. गार्डसाहेब म्हणाले, "त्याले सांगितल्याशिवाय पूर्ण वेगात नाही चालत," आणि आतल्या सेटिंगमध्ये जाऊन एक ओळ बदलून आले. बत्तीसशे. पूर्वा उडी मारून खुर्चीत बसली. "आबाजी, खेलूँ?"

"उठ. तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही."

त्यांनी मेमरी तपासायचा एक प्रोग्राम लावला. काळा पडदा, पांढरे आकडे. त्यात मेमरीचा कोपरान् कोपरा पुन:पुन्हा भरून वाचून बघतात. सकाळ गेली. दुपारचं जेवण झालं. मी दर थोड्या वेळानं घड्याळाकडे बघत म्हणत होतो की पोरीला सरावाला वेळ मिळत नाहीये, नवी वस्तू आहे, तिला काय धाड भरलीय. गार्डसाहेब स्टुलावर बसून होते. खालून काकू दोनदा बोलावून गेल्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्या पांढऱ्या आकड्यांत एक लाल ओळ आली.

मला ती दिसली आणि मी हायसं वाटून म्हटलं, "चला, दिवसभरात एकच! एकच तर लाल आहे."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माझ्या वयाच्या माणसाला हे अजून कोणी कसं सांगितलं नाही, अशा आश्चर्यानं पाहिलं.

"लाल एकच असते," ते म्हणाले.

त्यांनी वेग कमी करून पुन्हा लावलं, पुन्हा लाल. एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. एक स्वच्छ, दुसरी सदोष. एव्हाना दुकान बंद झालं होतं आणि रविवारी ते उघडत नाही. चांगली नवी पट्टी नि पूर्वाची जुनी पट्टी जोडून पाहिली. कॉम्प्युटर सुरू झाला, खेळ सुरू झाला आणि मध्येच सगळा पडदा काळा. पुन्हा केलं, पुन्हा काळा. पूर्वानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि फोनवर कॅप्टनला लिहायला घेतलं. मी वाकून वाचलं: 'दीदी, कल रिया को खिला लो.' रिया म्हणजे ती राखीव मुलगी.

"काय लिहून राहिली?" गार्डसाहेबांनी विचारलं.

पूर्वानं सांगितलं.

"नको पाठवू." आणि ते जिना उतरून गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधल्या. आठ-आठच्या, जोडीच्या. बसवल्या, आणि पुन्हा तपासायला लावलं. मी म्हटलं, "अहो, या तर तुमच्या रोजच्या चालणाऱ्या आहेत!" तर म्हणाले, "माह्या घरात चालते म्हणून तुमच्या घरात चालन, असं लिहून आहे का?" दुसऱ्या सकाळपर्यंत एकही लाल ओळ आली नाही. तेव्हा त्यांनी नवी जोडी दुकानात परत द्यायला तिच्या डब्यात ठेवली आणि पूर्वाची जुनी एकुलती पट्टी उचलून रुमालात बांधली.

"तुमचं कसं होईल?" मी विचारलं.

"माझं चालते," ते म्हणाले.

रविवारी दुपारी सामना होता. सुरू व्हायच्या थोडं आधी ते वर आले, तो इस्त्रीचा शर्ट घालून. काखेत गुंडाळलेली हिरवी झेंडी. खोलीत आले नाहीत; दारातच उभे राहिले. "पोट्टी, तयार?" पूर्वानं हेडफोनमधून काहीतरी ऐकलं आणि मान हलवली. त्यांनी झेंडी उघडून हात लांब करून दाखवली. पुढे काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिनं मागे वळून हात उंच केला. तेवढं झाल्यावर त्यांनी झेंडी गुंडाळली.

"बसा ना, बघा ना," माझी पत्नी म्हणाली.

"नाही. माझी बी गाडी आहे." आणि गेले.

तो सामना मी पूर्वाच्या मागे बसून पाहिला. दोन्ही पंजे उघडून गुडघ्यांवर ठेवले होते. एकही बोट मिटलं नाही. धूर झाला, पळापळ झाली, मुली हेडफोनमधून किंचाळत होत्या, आणि चित्र तेल लावल्यासारखं सरकत राहिलं. (हीसुद्धा उपमाच झाली, गार्डसाहेब असते तर थांबवलं असतं.) अगदी शेवटी पूर्वा एका भिंतीआडून घाईनं बाहेर आली आणि समोरून गोळी बसली. संघ थोडक्यात हरला.

मी डोळे मिटून घेतले. पण ती खुर्चीतून उठून नाचत होती.

"पापा! मैं खुद मरी! पीसी नहीं अटका, मैं खुद मरी!"

हेडफोन टेबलावर पडला होता, त्यातून कॅप्टनचा आवाज येत होता, "नाच मत, पागल! दीवार के पीछे रुकना था ना? अगले मैच में ये गलती की तो घर आ के मारूँगी!" अगले मैच में. पूर्वानं ते शब्द ऐकले आणि एकदम खाली बसून रडायला लागली. स्वतःच्या चुकीनं हरायचा हक्क मिळाला म्हणून इतकं आनंदलेलं माणूस मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

पत्नीनं वाटीत गरम शिरा घातला आणि गार्डसाहेबांना द्यायला खाली गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा वाटी तशीच तिच्या हातात होती.

"दिला नाही?" मी विचारलं.

"कशी देऊ? गाडी चालू आहे." ती पलंगाच्या कडेवर बसली. तिचा आवाज देवळातून आल्यावर असतो तसा झाला होता. "काकू त्यांच्या मागं स्टुलावर बसल्या आहेत, तोंड दाराकडं करून. मांडीवर सुपात तांदूळ. मी खुणेनं विचारलं, इथं काहून बसल्या? तर हळूच म्हणे, रविवारी मी गार्ड असते. अन् अहो, त्यांचं चित्र सारखं अटकून राहिलं. आपली ती जुनी पट्टी ना. दर वेळी अटकलं की ते हातातलं सोडून मागं वळतात अन् विचारतात, 'लागलं का वं?' काकू म्हणतात, 'नाही जी.' मग पुढं चालवतात. मी होते तेवढ्यात किती वेळा विचारलं त्यांनी."

तिनं वाटीवर ताट झाकलं.

"उद्या सुट्टी टाका," ती म्हणाली, "अन् दुकान उघडायच्या आधी तिथं जाऊन उभे राहा."